गुडघा, पुडी आणि सुई: खानावळवाल्या काकूंचं प्रकरण

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि सुया टोचून इलाज करणारा अ‍ॅक्युपंक्चरवालाही नाही. तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे, डी.फार्म करून बारा वर्षं काउंटरवर उभा आहे. हे प्रकरण लिहायलोय ते काकूंना विचारून. गावाचं नाव टाकत नाही, घरच्यांची नावं टाकत नाही, बाकी जसं झालं तसं. ह्यात माझी स्वतःची चूक पण आहे आणि ती सुरुवातीलाच येते, म्हणून झाकायचा प्रश्नच नाही.

पार्श्वभूमी

काकूंचं वय ५४. परभणी जिल्ह्यातलं रेल्वे लाईनवरचं गाव, बसस्टँडच्या मागं त्यांची खानावळ. काका वारले त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून खानावळ काकूंच्याच अंगावर. कॉलेजची पोरं, तहसीलचे क्लार्क, बँकेतले बदलून आलेले साहेब असे पन्नास-साठ डबे आणि बसून जेवणारे वेगळे. रोजच्या दीडशे-पावणेदोनशे भाकरी, त्याही ज्वारीच्या. पोळीला बाई ठेवलीय, पण भाकरी दुसऱ्याच्या हातची चालत नाही, गिऱ्हाईक लगेच ओळखतं असं काकूंचं म्हणणं, आणि ते खरंय, मी स्वतः तिथं जेवलेलोय.

तर ही भाकरी त्या पाटावर बसून थापायच्या. सकाळी साडेआठ ते दुपारी एक, मध्ये उठबस धरून. वजन ७८ किलो. गुडघे दुखायला लागून चार-पाच वर्षं झाली असतील, उजवा जास्त. एक्स-रे झाला होता, परभणीच्या हाडांच्या डॉक्टरनी बघून गादी घासलीय, आज ना उद्या वाटी बदलावी लागेल असं सांगितलं होतं आणि पाच दिवसाची गोळी लिहून दिली होती. अ‍ॅसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली पेनकिलर, सकाळ-संध्याकाळ.

चिठ्ठी पाच दिवसाची होती, गोळी चालली अडीच वर्षं. दिली कोणी, तर मीच.

आता ह्यावर कोणी म्हणेल की गावाकडं असंच चालतं, आणि चालतंच. काकू पदराला हात पुसत काउंटरवर यायच्या, "भैया, ती गुडघ्याची दे बरं एक पाकीट", मी द्यायचो. ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नसते हे मला माहीत आहे. नाही म्हटलं असतं तर समोरच्या मेडिकलातून नेली असती हेही माहीत आहे. पण ते काही उत्तर झालं नाही.

अडचण कुठं आली

मागच्या जूनमध्ये काकूंच्या पायावर सूज दिसायला लागली, दुपारनंतर गळून जायच्या, तोंडाला चव नाही. उन्हाळ्यानं झालं असेल म्हणून दोन आठवडे गेले. मग रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा कचरा, वाढून १.८. मुलानं रिपोर्ट मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि मी तो बघून पाच मिनिटं तसाच बसून राहिलो.

कारण काकूंना बीपीचीही गोळी चालू होती, टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायाझाईड, एकाच गोळीत दोन्ही. किडनीतल्या गाळणीला रक्त आत आणणारी एक बारीक नळी असते आणि बाहेर नेणारी एक. पेनकिलर आत आणणारी नळी आवळते. टेल्मिसार्टन बाहेर नेणारी सैल करते. म्हणजे गाळणीतला दाब दोन्हीकडून उतरतो, आणि त्यात लघवीची गोळी अंगातलं पाणी कमी करते. वर परभणीचा मे-जून आणि चुलीसमोर बसणं. तिघी एकत्र आल्या की किडनीवर तिहेरी मार बसतो हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं आहे, परीक्षेत लिहून मार्क पण घेतलेत. आणि मी अडीच वर्षं दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत घालून देत होतो.

परभणीचे फिजिशियन शांत माणूस. त्यांनी पेनकिलर त्या दिवशीच बंद केली, बीपीची गोळी तात्पुरती बदलून अ‍ॅम्लोडिपिन दिली, पाणी किती प्यायचं ते सांगितलं, चार आठवड्यांनी परत या म्हणाले. चार आठवड्यांनी क्रिएटिनिन १.५ आलं. किडनीचा प्रश्न अर्धा सुटला, पण गुडघ्याचा पुरता उघडा पडला. अडीच वर्षं झाकून ठेवलेलं दुखणं सगळं वर आलं. काकूंना रात्री कूस बदलताना जाग यायची. मी त्यांना शून्य ते दहामध्ये किती दुखतंय असं विचारलं तर म्हणाल्या, "दहा म्हंजे मेल्यावरचं का? मग आठ लिही."

समोर काय काय होतं

ऑपरेशन हा पहिला पर्याय. वाटी बदलायला काकूंची तयारीच नव्हती. भीती एक, आणि दुसरं म्हणजे दोन-तीन महिने खानावळ कोण बघणार. शिवाय किडनी अशी डळमळीत असताना घाई करू नका असं फिजिशियनचंही मत पडलं. गुडघ्यात इंजेक्शन हा दुसरा. स्टेरॉईडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण काकूंची साखर काठावरची, आणि तेच ते किती वेळा मारणार. वंगणाचं इंजेक्शन म्हणून जे मिळतं ते महाग, आणि त्याचा फायदा होईलच असं डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. साधं पॅरासिटामॉल चालू केलंच, पण गुडघ्याच्या असल्या दुखण्यावर ते फार काही करत नाही, हे मला विकताना पण माहीत असतं.

व्यायाम आणि वजन कमी करणं हे सगळ्यात पक्कं औषध, त्यावर डॉक्टर, मी, पुस्तकं सगळ्यांचं एकमत. पण आठ दुखत असताना माणूस मांडीचा व्यायाम करत नाही हो. सांगणाऱ्याचं काय जातं. दुखणं थोडं खाली आलं तर व्यायाम, व्यायाम झाला तर दुखणं आणखी खाली, आणि सुरुवातीचा तो थोडा उतार आणायचा कशानं, सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

अ‍ॅक्युपंक्चरचा विषय निघाला तो इथं. काकूंच्या बहिणीनं काढला. तिच्या जावेला फरक पडला होता म्हणे. मी आधी तोंड वाकडं केलं, मग दोन रात्री मोबाईलवर जे सापडलं ते वाचून काढलं. जर्मनीत २००६ साली गुडघ्याच्या ह्याच दुखण्यावर एक मोठा अभ्यास छापला गेला, १००७ लोक. एका गटाला नीट चिनी पद्धतीनं सुया, दुसऱ्याला खोट्या सुया म्हणजे ठरलेला बिंदू सोडून भलतीकडं, वरवर टोचलेल्या, आणि तिसऱ्याला डॉक्टरच्या भेटी आणि लागेल तशी डायक्लोफेनॅकसारखी गोळी. फिजिओथेरपीची सोय तिन्ही गटांना होती. सहा महिन्यांनी चांगला फरक पडलेले किती, तर खऱ्या सुयांत ५३.१ टक्के, खोट्या सुयांत ५१ टक्के, गोळीवाल्यांत २९.१ टक्के.

मी हे आकडे तीनदा वाचले. खरी आणि खोटी सुई जवळजवळ सारखीच, आणि दोन्ही गोळीच्या पुढं! म्हणजे बिंदूचं ते बारीक शास्त्र, नाड्या, ऊर्जा वगैरे, त्यानं फारसा फरक पडत नसावा, पण आठवड्यातून दोनदा कोणीतरी नीट झोपवून, हात लावून, सुई टोचून अर्धा तास तुमच्याकडं बघतंय ह्यानं काहीतरी होतंय. नुसतं मनाचं म्हणून सोडून देता येत नाही, कारण सुईनं शरीर स्वतःचीच अफूसारखी रसायनं सोडतं आणि अफूचा असर उतरवणारं नॅलोक्सोन दिलं की तो असर कमी होतो, असं १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलेलं आहे. उलट बाजूनं, ऑस्ट्रेलियात २०१४ साली पन्नाशीच्या पुढच्या २८२ लोकांवर अभ्यास झाला, त्यात खरी सुई खोट्या लेझरच्या उपचारापेक्षा सरस ठरली नाही. मोठ्या संस्था पण दोन तोंडांनी बोलतात. अमेरिकेतल्या सांधेविकाराच्या डॉक्टरांची संघटना २०१९ मध्ये म्हणते, गुडघ्याला करून बघायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये कुठला उपचार द्यावा ते सांगणारी नाईस ही संस्था २०२२ मध्ये म्हणते, सांधे झिजल्याच्या दुखण्याला देऊ नका. तीच नाईस मायग्रेनला दहापर्यंत सिटिंग चालतील म्हणते.

मग काकूंसाठी निर्णय कशावर घ्यायचा? माझं गणित साधं होतं. सुईत औषध नाही. आमच्याकडं सुई म्हटलं की इंजेक्शन, "डॉक्टर, सुई मारा" म्हणतात लोक, त्यामुळं काकूंनाही वाटलं आत काहीतरी सोडणार. ही सुई कोरी, भरीव, केसाहून थोडी जाड. किडनीला त्यातून काही जात नाही. फायदा झाला तर व्यायाम सुरू होईल, नाही झाला तर पैसे आणि फेऱ्या गेल्या. फिजिशियनना विचारलं. माझा विश्वास बेताचाच आहे म्हणाले, पण सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असेल, आणि सोबत कुठलीही गोळी, काढा, पुडी घेणार नसाल तर माझी ना नाही. तो पुडीचा शब्द त्यांनी तेव्हाच उच्चारला होता. मी तो काकूंपर्यंत नीट पोचवला नाही.

पहिला फाटा: मंगल कार्यालयातलं शिबिर

ऑगस्टमध्ये, म्हणजे मी अजून कोणाकडं जावं ते शोधत होतो तेवढ्यात, बहिणीनं एक पत्रक आणून दिलं. शेजारच्या तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात शिबिर. सुया, सुजोक म्हणजे हातापायाच्या पंजावरचे बिंदू दाबणं, अ‍ॅक्युप्रेशर सगळं एका छताखाली. गुडघेदुखी, मणक्यातला गॅप, लकवा, शुगर, थायरॉईड, दमा, मूल न होणं, ह्या सगळ्यावर इलाज आणि खाली जाड अक्षरात, वाटी बदलण्याची गरज नाही. असलं पत्रक वाचायची माझी एक पद्धत झालीय. यादी जेवढी लांब तेवढा मी मागं सरतो. अ‍ॅक्युपंक्चरच्या बाजूनं बऱ्यापैकी पुरावा आहे तो मोजक्या गोष्टींत. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं बोलावलेल्या तज्ज्ञांनी ऑपरेशननंतरच्या आणि केमोच्या उलट्या-मळमळ, दाताच्या ऑपरेशननंतरचं दुखणं एवढ्यावर स्पष्ट बोट ठेवलं होतं. जुन्या दुखण्यांवर आणि डोकेदुखीवर नंतर बरंच काम झालं. सुईनं शुगर जाते असं कुठंच नाही.

पण काकू मला न सांगता गेल्या. त्यांची चूक म्हणत नाही मी, रात्रभर ठणकणाऱ्या माणसाला पत्रक वाचायची पद्धत शिकवायला कोण गेलं होतं. तीन आठवड्यात सहा सिटिंग झाल्या. आणि फरक असला पडला की विचारू नका. तिसऱ्या सिटिंगनंतर काकू दुकानात आल्या त्या पायऱ्या चढून, कठड्याला हात न लावता, आणि म्हणाल्या, "बघ भैया, तुझ्या गोळ्यानं जे झालं नाही ते सुईनं केलं." पहाटे चारला उठायच्या, भूक वाढली, उत्साह नुसता. मी खजील झालो खरंतर. वाटलं आपण उगीच शंका काढत बसलो.

दहा-बारा दिवसांनी त्यांच्या पायावर परत सूज दिसली. इथं माझी दुसरी चूक. अ‍ॅम्लोडिपिननं घोट्याला सूज येते, हे नेहमीचं आहे, मी लगेच तेच धरलं आणि पुढच्या भेटीत डॉक्टरना सांगू म्हणालो. आठ दिवस तसेच गेले. मग एका संध्याकाळी सून डबा द्यायला आली आणि सहज बोलली, आत्याबाईचं तोंड कसं गोल गरगरीत झालंय बघितलंत का. अ‍ॅम्लोडिपिननं घोटा सुजतो, तोंड गोल होत नाही. मी तसाच खानावळीत गेलो. काकूंना विचारलं, सुयांबरोबर आणखी काय देतात. त्यांनी मसाल्याच्या डब्यामागून वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी काढली. पांढरी पावडर, किंचित कडू. सकाळ-संध्याकाळ एकेक, मधातून. जडीबुटी आहे म्हणून सांगितलं होतं आणि गुण यायचा असेल तर चुकवायची नाही.

त्या रात्री बीपी १७० वर १००, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर १६८, क्रिएटिनिन १.९. वजन तीन आठवड्यात साडेतीन किलो वाढलेलं.

पुडीत काय होतं ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, तपासून घेतली नाही. पण गोल चेहरा, वाढलेली भूक, साखर, बीपी आणि जादूसारखा थांबलेला ठणका, हे सगळं एका रांगेत आलं की फिजिशियनना स्टेरॉईडचीच शंका आली आणि त्याच्या जोडीला पेनकिलर पण असेल असं त्यांना वाटलं. बिननावाच्या पुड्यांची ही गोष्ट आमच्या धंद्यात जुनीच आहे. त्यांनी एक महत्त्वाचं काम केलं, पुडी फेकून द्या म्हणून मोकळे झाले नाहीत. काही आठवडे स्टेरॉईड पोटात गेलं असेल तर एकदम तोडल्यावर अंग ढासळू शकतं, म्हणून काकूंना समोर बसवून सगळं विचारलं, चार दिवसांनी परत बोलावलं, चक्कर-उलटी झाली तर रात्री पण फोन करा म्हणाले. काकूंना चार-पाच दिवस अंग मोडून आल्यासारखं झालं, बाकी निभावलं.

आणि गुडघा? आठवड्यात परत आठवर.

मला सगळ्यात वाईट वाटलं ते काकूंच्या मनातल्या हिशोबाचं. त्यांच्या लेखी सुईनं गुण आला होता आणि आम्ही लोकांनी तो घालवला. सुया बाजूला ठेवून पुडी बघा, हे त्यांना पटायला महिना लागला.

दुसरा फाटा: नांदेडच्या मॅडम

आता परत सुईकडं जायचं की नाही, ह्यावर घरात भांडण झालं. मुलगा म्हणायला लागला बास झालं, सगळे लुटारू. त्याचं म्हणणं चुकीचं म्हणता येत नव्हतं. पण काकूंची इच्छा होती, आणि माझं पहिलं गणित अजून तसंच उभं होतं, घोटाळा पुडीनं केला होता, सुईनं नव्हे. मात्र ह्या वेळी जायच्या आधी मी चार गोष्टी बघायचं ठरवलं. नोंदणी आहे का. सुई पाकिटातून समोर फोडतात का. रिपोर्ट बघायला मागतात का. आणि पोटात घ्यायला काही देतात का.

नोंदणीचं लोकांना माहीतच नसतं. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे आणि त्याखाली कौन्सिल आहे, तेव्हा नोंदणी नंबर विचारला तर समोरच्यानं रागवायचं कारण नाही. नांदेडला एक मॅडम सापडल्या, नंबर भिंतीवरच लावलेला. शेजारी डॉ. कोटणीसांचा फोटो. काकूंना वाटलं मॅडमचे वडील असतील. मॅडम हसल्या, सोलापूरचे डॉक्टर, १९३८ ला चीनमध्ये गेले जखमी सैनिकांची सेवा करायला, १९४२ ला तिथंच वारले. लोक समजतात ही सुई त्यांनी आणली, पण त्यांच्याच पथकातले बंगालचे डॉ. बसू वाचले, पुढं परत चीनला जाऊन शिकून आले आणि कलकत्त्यात सुरू केलं. फोटो मात्र कोटणीसांचाच लावतात सगळे, आपला माणूस म्हणून.

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो होतो. मॅडमनी सगळे रिपोर्ट उलटेपालटे करून बघितले, रक्त पातळ करायची गोळी आहे का, छातीत पेसमेकर आहे का विचारलं, कारण त्या सुयांना बारीक करंट पण जोडतात. मग विचारलं सकाळी काय खाल्लं. काकू म्हणाल्या आज चतुर्थी, चंद्र बघूनच. मॅडमनी सुईचं पाकीट खाली ठेवलं. उपाशीपोटी टोचलं तर चक्कर येऊन पडतात लोक, पहिल्यांदा असेल तर जास्तच. आधी काहीतरी खाऊन या, नाहीतर उद्या या. काकू नांदेडपर्यंत तिकीट काढून आलेल्या, परत जायच्या नव्हत्या, आणि उपास मोडायच्या पण नव्हत्या. शेवटी दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू ह्यावर तोड निघाली. ह्या एका गोष्टीनं माझा मॅडमवरचा विश्वास बसला, कौन्सिलच्या नंबरपेक्षा जास्त.

मग टोचताना बघितलं. पाकीट समोर फाडलं. बारीक प्लास्टिकच्या नळीतून सुई खाली सोडायची, बोटानं वरून एक टिचकी, नळी काढून घ्यायची, मग सुई दोन बोटांत हलकेच फिरवत आत. वाटीच्या खाली दोन्ही अंगाला दोन खड्डे असतात, त्याला ते गुडघ्याचे डोळे म्हणतात, तिथं दोन. वाटीखाली चार बोटं सोडून नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक, तो त्यांचा मोठा नावाजलेला बिंदू. आतल्या अंगाला, मांडीवर, असं करत दोन्ही पाय मिळून चौदा. मॅडम मोठ्यानं मोजत होत्या. टोचताना काकूंनी डोळे मिटलेले, मग उघडले आणि म्हणाल्या, "दुखत नाही रे, जड वाटायलंय. मुंग्या आल्यावर पाय जसा होतो ना, तसं आतून." मॅडम म्हणाल्या तेच पाहिजे. पंचवीस मिनिटं तशाच पडून राहिल्या, पंखा बंद, मध्येच घोरल्या पण. काढताना परत मोजल्या, चौदा, आणि पिवळ्या डब्यात टाकल्या.

पोटात घ्यायला काही नाही. एक कागद दिला, त्यावर मांडीचे तीन व्यायाम. आणि माझ्या देखत सांगितलं, माझ्या सुईनं घासलेली गादी परत येणार नाही, दहा सिटिंगमध्ये दुखणं खाली आलं नाही तर अकरावी करायची नाही.

सिटिंगचे ४०० रुपये. आठवड्यातून दोनदा असं पहिले तीन आठवडे, मग एकदा. रेल्वेनं जायचं, आणि आमच्या स्टेशनचा पूल चढून पलीकडच्या फलाटावर जावं लागतं. मी काकूंना म्हटलं, शून्य ते दहा सोडा, पुलावर किती वेळा थांबलात ते मला सांगत जा. पहिल्या दिवशी चढताना चार वेळा.

ह्याच काळात मुलानं खानावळीत एक बदल केला. कमरेएवढा ओटा बांधून घेतला, गॅसची शेगडी वर, परात वर, आणि बसायला उंच स्टूल. काकू आठ दिवस चिडचिड करायच्या, उभ्यानं भाकरीला हात बसत नाही म्हणून. मग बसला.

निकाल

दहा सिटिंग दिवाळीनंतर संपल्या. आठ वरून पाचवर आलं, चांगल्या दिवशी चार. पुलावर एकदा थांबतात, ते पण दम खायला. रात्री झोप लागते. व्यायाम होतात, रोज नाही, आठवड्यातून चारदा म्हणू. पुडीनं वाढलेलं वजन उतरून वर आणखी दोन किलो गेलं, ७६ वर आलं. डिसेंबरमध्ये क्रिएटिनिन १.४, साखर काठावर पण खाली, बीपी ठीक. डॉक्टर म्हणाले हे १.४ आता तुमचं कायमचं समजा, ह्याच्या खाली बहुतेक जाणार नाही. तेवढी किंमत अडीच वर्षांच्या त्या गोळ्यांनी वसूल केली.

पाचवर आलं ते कशानं, हे मला कोणी विचारलं तर माझ्याकडं सरळ उत्तर नाही. सुया, व्यायाम, ओटा, वजन, चार महिने लोकांनी घेतलेली दखल, सगळं एकाच वेळी झालं. मॅडमना वाटतं सुया. मुलाला वाटतं ओटा. फिजिशियनना वाटतं व्यायाम. माझा कौल अर्धा ओट्याला आहे, पण पहिल्या दोन आठवड्यात, ओटा व्हायच्या आधीच, काकू पुलावर चारच्या ऐवजी दोनदा थांबायला लागल्या होत्या आणि व्यायामाला हात घातला होता तेवढ्यावरच, हेही मी वहीत लिहून ठेवलंय. काकूंना विचारलं तर त्या म्हणतात, "मला काय करायचंय कशानं, राहिलं ते बरं झालं."

आज परत करायचं तर

पहिलं म्हणजे ते पाकीट. तिसऱ्या महिन्यातच मी म्हणायला पाहिजे होतं की काकू, आधी रक्त तपासून या, मग देतो. ७८ किलोच्या, बीपीच्या गोळीवर असलेल्या बाईला रोज पेनकिलर जातेय हे माझ्याशिवाय कोणालाच दिसत नव्हतं, हाडाच्या डॉक्टरला पाच दिवस दिसले, बीपीच्या डॉक्टरला बीपी दिसलं. आता दुकानात मी एक वही केलीय, महिन्यात दुसऱ्यांदा पेनकिलर न्यायला आलं की बीपीची गोळी आहे का विचारतो. गिऱ्हाईक तुटतं कधीकधी.

दुसरं, पुडीबद्दल डॉक्टर जे बोलले ते मी काकूंना त्याच दिवशी, त्यांच्या भाषेत सांगायला हवं होतं. "दुसरं औषध घेऊ नका" ह्याचा अर्थ त्यांनी गोळी असा घेतला, पुडी त्यांच्या हिशोबात औषधच नव्हतं, ते घरगुती. पुडी, काढा, मधातलं चाटण, हे शब्द एकेक करून उच्चारावे लागतात.

तिसरं, एकदम फरक पडला तेव्हा मी आनंदानं गप्प बसलो. आता उलटं वाटतं, चार वर्षांचं दुखणं तीन सिटिंगमध्ये गायब झालं तर त्याच दिवशी आणखी काय चालू आहे ते विचारायला हवं होतं. मॅडमकडं फरक पडला तो कुरकुरत, एक पाऊल पुढं अर्धं मागं.

आणि ओटा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उशिरा. एक्स-रे काढला त्या दिवशी कोणीतरी विचारलं असतं की बाई दिवसभर बसता कशा, तर तेव्हाच बांधला असता. मॅडमनी विचारलं, तिसऱ्या सिटिंगला. डबा तर मी रोज आणतो तिथून, मला पण सुचलं नव्हतं.

अकरावी सिटिंग झाली नाही. लग्नसराई लागली, फेब्रुवारीत खानावळीला तीन ऑर्डरी आल्या, काकू दोन दिवस ओट्यासमोर उभ्या राहिल्या आणि उजवा गुडघा परत सातवर गेला. मला म्हणाल्या नाहीत. सुनेनं सांगितलं, समोरच्या मेडिकलातून चार गोळ्या आणल्या होत्या, त्यातल्या दोन घेतल्या, दोन पिठाच्या डब्यामागं आहेत. मी जाऊन त्या दोन घेऊन आलो. काकू काही बोलल्या नाहीत, भाकरी तव्यावर टाकून पाठ फिरवली. नांदेडच्या मॅडमना फोन केलाय, त्या म्हणाल्या दोन सिटिंग करून बघू, आधी रक्त तपासून आणा. लॅबवाला पोरगा सोमवारी सकाळी येणार आहे.